अजून थोडं डावीकडे

“आधीच सांगून ठेवतो साहेब, यावर कुणाचा म्हणजे कुणाचा विश्वास बसणार नाही,” पंढरीनाथ म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला बरं वाटलं. त्या दिवसापासून छातीत काहीतरी आवळून बसलं होतं, ते या एका वाक्यानं सैल झालं. हे वाक्य त्याच्या तोंडून आजवर इतक्यांदा निघालं होतं की ते म्हटलं की पुढचं कुठून ना कुठून तरी येतंच, याची त्याला खात्री होती. समोर लोखंडी खुर्चीवर विम्याचे साहेब बसले होते, ठाण्याहून आलेले. मांडीवर चामड्याची बॅग आणि बॅगेवर कोरा कागद. मधुबन सोसायटीचं ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली. पाण्याच्या पंपाचं बटण तिथंच, विजेच्या मीटरांची रांग तिथंच, आणि सभेच्या खुर्च्याही तिथंच एकीत एक घालून ठेवलेल्या. भिंतीला पाठ लावून चेअरमन काळूराम उभा होता. उंबऱ्यावर, आत नाही नि बाहेरही नाही अशी, नामा पेंटरची बायको हौसा बसली होती आणि बशीतला चहा न पिता नुसताच धरून होती. बाहेर कामतघरचे यंत्रमाग चालले होते. त्यांचा खडखडाट कानांनी ऐकावा लागत नव्हता. तो जमिनीतून खुर्चीच्या पायांत चढत होता आणि साहेबांच्या कपातल्या चहावर बारीक बारीक वर्तुळं काढत होता. साहेबांनी दोनदा दाराकडे पाहिलं, कुणीतरी उठून हे बंद करील अशा आशेनं. भिवंडीत नवा माणूस असंच पाहतो. “विश्वासाचं मी बघतो,” साहेब आवाज चढवून म्हणाले. “तुम्ही मला एवढंच सांगा. नामा पेंटर टाकीवर चढला. त्याला वर कुणी पाठवलं?”

प्रश्न एवढाच होता, आणि तो एवढाच का आहे हे साहेबांनी आल्या आल्या शाळेतल्या मास्तरासारखं समजावून दिलं होतं. सोसायटीच्या रंगाचं कंत्राट यादवशेठचं, नामा त्याचा माणूस. यादवशेठनं आपल्या माणसांचा विमा उतरवला होता, पण तो त्याच्या कामापुरता; परांचीवरून रंग देताना माणूस पडला तर त्याचा. टाकीवर चढून टीव्हीची अँटेना फिरवणं हे काही रंगकाम नव्हे, तेव्हा तो विमा तिथं संपला. उरला सोसायटीचा. बाहेरचा माणूस सोसायटीच्या कामाला, सोसायटीच्या पदाधिकाऱ्यानं सांगितलं म्हणून चढला आणि पडला, तर कंपनी त्याची भरपाई करील. आपल्या मर्जीनं चढला असेल तर कुणीच करणार नाही. अँटेना सगळ्या बिऱ्हाडांची मिळून एक, म्हणजे काम सोसायटीचं. सेक्रेटरी पंढरीनाथ, म्हणजे पदाधिकारी तो. ‘मी पाठवलं साहेब’, एवढे तीन शब्द झाले की नामाच्या मोडलेल्या कमरेचं काहीतरी होणार होतं. नामा सरकारी दवाखान्यात पायाला वजनं बांधून पडला होता, आणि तो पुन्हा परांचीवर चढणार नाही हे डॉक्टरांच्या आधी हौसानं ओळखलं होतं. तीन शब्द. ते पंढरीनाथच्या तोंडात होते, न फुटणाऱ्या सुपारीसारखे. तो त्यांना या गालातून त्या गालात फिरवत होता.

त्याच्या तोंडाला तीन शब्दांचं बोलणं माहीतच नव्हतं हो. जन्मभर तो जॉबर होता. आजारी माग बरा करणारा माणूस. चालत्या मागांच्या मधे उभं राहून बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि ओरडायचंच आहे तर मग साधं कशाला ओरडा, असा त्याचा हिशेब. पाळी संपली की टपरीवर तो बाकावर पाय घेऊन बसे, आणि युपीची पोरं चहाचे ग्लास घेऊन त्याच्याभोवती गोळा होत. मागावरून उडालेल्या धोट्याची गोष्ट त्यानं किती वेळा सांगितली असेल याला सुमार नाही. सूत घेऊन मागात इकडून तिकडे धावणारा तो धोटा मागातून निसटला, खिडकीतून बाहेर पडला, कामतघरच्या तळ्यावरून गेला आणि थेट वडप्याला हायवेवर एका ट्रकच्या टायरात जाऊन रुतला. पंढरीनाथ त्याच्यामागून सुताच्या दोऱ्यावर बोट ठेवून चालत निघाला. दोरा बाभळींतून गेला होता, एका लग्नाच्या मांडवातून गेला होता, नवरीच्या मुंडावळ्यांत अडकला होता, तो त्यानं अलगद सोडवला, नवरीला कळूसुद्धा दिलं नाही. “फिर क्या हुआ, चाचा?” पोरं विचारायची. या गोष्टींचा एक शिरस्ता होता, तो कुणी कधी ठरवला नव्हता पण सगळे पाळायचे. ऐकणाऱ्यानं फक्त ‘फिर?’ म्हणायचं. ‘खोटं’ म्हणायचं नाही. खोटं म्हणणारा माणूस टपरीवर चहाचे पैसे न देता उठून जाणाऱ्यापेक्षाही हलका ठरायचा. एकटी कलावती, त्याची बायको, घरात तांदूळ निवडताना मान वर न करता म्हणायची, “पुरे. टायरापर्यंत ठीक होतं.” तिला टायरापर्यंत चालायचं. पंढरीनाथला मांडव लागायचा. मांडव झाला की मुंडावळ्या लागायच्या.

विम्याचंही असंच झालं होतं. त्या वर्षी सोसायटीनं पहिल्यांदा इमारतीला बाहेरून रंग द्यायचं ठरवलं तेव्हा सभेत काळूरामनंच विचारलं होतं, “पंढरी, त्या यादवचा इमा बगितलास का? मानसं वर चढनार, उद्या कोन पडला बिडला तर?” पंढरीनाथनं काही बघितलं नव्हतं. त्यानं यादवशेठला विचारलं होतं आणि यादवशेठनं छातीवरच्या खिशावर हात आपटला होता, “हितं हाय ना सेक्रेटरी, सगला हाय.” माणसानं खिशावर हात आपटल्यावर ‘दाखव’ म्हणणं म्हणजे त्याच्या बापावर जाण्यासारखं, भिवंडीत सगळे व्यवहार असे खिशावरच्या थापेवर पार पडतात. पण सभेत पंढरीनाथ म्हणाला, “बघितला म्हणजे? वाचला! एवढा मोठा कागद, चादरीसारखा, दोघांनी दोन टोकं धरली तेव्हा उलगडला. माणूस पडला तर भरपाई, पडता पडता राहिला तरी निम्मी!” सभा हसली. हसता हसताच सोसायटीनं आणखी एक विमा काढला, कारण काळूरामचा जावई नुकताच एजंट झाला होता आणि त्याला कुणीतरी पहिलं गिऱ्हाईक हवं होतं. त्याला सगळे ‘जावयाचा विमा’ म्हणत, दिवाळीत पाटाभोवती रांगोळी काढावी तसा तो काढलेला. त्या विम्यात काय लिहिलं आहे हे जावयालाही धड सांगता आलं नव्हतं. आज ते ठाण्याचा माणूस सांगत होता, आणि भिंतीला टेकलेला काळूराम पुन्हा पुन्हा कपाळ पुसत होता. काल संध्याकाळी त्यानं पंढरीनाथला जिन्यात गाठलं होतं. “तू त्याला वर पाटवलास म्हनलास तर पोलीस येतील दारात. आनि पैल्याच वर्साला कंपनीकडं भरपाई मागितली तर जावयाचा तोंड किती होईल रं? माजी पोर हाय त्याच्या घरात. नामाला आपुन वर्गनी काडून काय तरी देऊ. तू कायबी सांग. तुला काय सांगायला शिकवायचा?”

तुला काय सांगायला शिकवायचं. पंढरीनाथ साहेबांच्या पेनाकडे पाहत राहिला. पेनाचं टोक कागदाच्या जरा वर थांबलेलं होतं, आणि खडखडाटानं तेही थरथरत होतं. थरथरणारं ते टोक पाहता पाहता त्याला टाकीवरची अँटेना दिसू लागली, वाऱ्यानं हलणारी, आभाळात पांढऱ्या काड्या खुपसून उभी. आणि तिच्याभोवतीची ती शांतता. शुक्रवार होता. शुक्रवारी वीज बंद, माग बंद, आणि साऱ्या भिवंडीवर कुणी ओली चादर टाकल्यासारखं होतं. इतर गावांना शांतता रात्री मिळते. इथं ती आठवड्यातून एकदा दिवसाढवळ्या येते, आणि ती येते तेव्हा लोकांना आपले स्वतःचे आवाज ऐकू येऊन लाजल्यासारखं होतं. भांडी वाजतात. कावळा ओरडतो. कुणी जिन्यात खोकलं तर तो कोण, हे तिसऱ्या मजल्यावर कळतं. सोसायटीत मात्र वीज होती, घरांची लाईन वेगळी म्हणून, आणि घराघरांतून टीव्हीचं गुणगुणणं चालू होतं. मॅच होती. आदल्या दिवशी कावळे बसून बसून अँटेनाचं तोंड फिरलं होतं आणि पडद्यावर माणसांऐवजी मुंग्या धावत होत्या. यादवच्या माणसांना शुक्रवारी सुट्टी. तरी नामा आला होता. पंढरीनाथनंच त्याला आदल्या दिवशी सांगितलं होतं, “उद्या ये रे, मॅच बघ, आणि त्या धोट्याचं पुढं काय झालं तेही सांगतो.” नामा त्याला तात्या म्हणायचा, आणि परांचीवर बसून रंग देताना खिडकीतून त्याच्या गोष्टी ऐकायचा. मांडव आला की ब्रश थांबायचा, आणि रंगाचा ओघळ भिंतीवरून सावकाश खाली उतरत जायचा. असा ऐकणारा पंढरीनाथला टपरीवरही मिळाला नव्हता.

आता नामा आलाच आहे तर. त्या विचारात काही वावगं नव्हतं. सोसायटीत सगळे तेच करायचे. रंगवाला आलाच आहे तर त्याला जरा खिळा मारायला सांग, नळवाला आलाच आहे तर त्याच्याकडून माळ्यावरची पेटी काढून घे. त्याला कुणी काम म्हणत नसे. चहा दिला की झालं. नामा टाकीवर चढला. पंढरीनाथ खाली आवारात उभा राहिला, प्लास्टरच्या कामातून उरलेल्या वाळूच्या ढिगापाशी. कलावती पहिल्या मजल्याच्या खिडकीत, तिची एक नजर टीव्हीकडे. कलावती सांगायची, पंढरीनाथ वर ओरडायचा, नामा फिरवायचा. गेलं. आलं. गेलं. थोडं इकडे. ओरडण्याची गरज नव्हती, बोललं असतं तरी पोचलं असतं, पण जन्मभर मागांवरून बोललेला माणूस, त्याला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. शुक्रवारच्या त्या शांततेत त्याचा आवाज त्याचा त्यालाच आदळून परत येत होता. मग कलावती म्हणाली, “आलं. पुरे.” म्हणाली, हे त्याला पक्कं आठवत होतं. तिचा आवाजसुद्धा आठवत होता, टायरापर्यंत ठीक होतं म्हणतानाचा. खिडकीतून त्याला पडद्याचा एक कोपरा दिसत होता: हिरवं मैदान, आणि त्यावर पांढरे कपडे घातलेली माणसं, किंचित दुहेरी, प्रत्येकाच्या खांद्यामागे त्याचंच फिकट भूत उभं असलेली. आलं होतं. पुरे होतं. पण ती भुतं गेली असती तर? आणखी थोडं फिरवलं असतं तर कदाचित खेळाडूंचे चेहरे दिसले असते, गवताची पाती दिसली असती, चेंडूवरची शिवण दिसली असती, आणि त्याच्याही पलीकडे, देव जाणे, काय दिसलं असतं.

त्यानंतर जे शब्द आले ते कुणाचे, यावर तो रात्रंदिवस पडून विचार करत होता. कधी त्याला वाटे, ते कलावतीचे. कधी वाटे, टीव्हीतून आले. एकदा पहाटेच्या डुलकीत ते त्याला स्वतः नामाच्या तोंडून ऐकू आले, हसत हसत, “अजून थोडं, तात्या?” आणि तो उठून बसला होता. कलावतीला त्यानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, “मी पुरे म्हटलं होतं,” आणि पदराला हात पुसत आत गेली. त्या शब्दांपाठोपाठ नामा खाली आला. तो पडला असं पंढरीनाथला कधी वाटलंच नाही. धप्पकन काही झालं नाही. नामा टाकीच्या कडेवरून निघाला तो सावकाश, सावरीची म्हातारी उतरते तसा, मागांच्या शेडमध्ये उन्हाच्या पट्ट्यात कापसाचे तंतू तरंगतात तसा. त्याच्या बनियनवर रंगाचे ठिपके होते, ते एकेक मोजता आले असते. हातात अँटेनाची एक काडी होती आणि ती त्यानं जपून धरली होती, जणू कुणाला नेऊन द्यायची आहे. तिसऱ्या मजल्यावरून जाताना त्यानं खिडकीत पाहिलं. दुसऱ्या मजल्यावरून जाताना त्यानं पंढरीनाथकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर तेच होतं, गोष्ट ऐकतानाचं, पुढं काय? मग वाळू उडाली. ती पंढरीनाथच्या दातांत गेली. पहिल्या मजल्यावर टीव्हीत लोकांनी एकदम टाळ्या वाजवल्या, कुणीतरी बाद झालं होतं. हे सगळं खरं होतं, अगदी असंच झालं होतं, आणि हे जर त्यानं कुणाला सांगितलं असतं तर तेच एकटं खोटं वाटलं असतं.

दवाखान्यात हौसा बाकावर बसली होती. तिनं रडून घेतलं होतं. “तात्या, इम्याचा सायेब येनार हाय म्हनतात. ह्येंचं न् घरच्यांचं त्ये आयकत न्हाईत. तुमालाच इचारतील. तुमी सांगाल ना काय झालं त्ये?” “सांगीन की,” तो म्हणाला होता. तिनं त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं असं तेव्हा त्याला वाटलं. आतून नामानं क्षीण आवाजात विचारलं होतं, “तात्या, त्यो धोटा... टायरातनं भाईर कसा काडला?” पंढरीनाथ दारातूनच मागे फिरला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कुणाचं ‘फिर?’ तसंच सोडलं होतं.

“बोला,” साहेब म्हणाले. “कुणी पाठवलं?”

तोंडातली सुपारी पुन्हा एकदा फिरली. मी, असं त्याच्या ओठांनी म्हणायला सुरुवातही केली. आणि तेवढ्यात भिंतीपाशी काळूराम खाकरला.

“घारीनं,” पंढरीनाथ म्हणाला.

साहेबांच्या चेहऱ्यावर हसू आलं. ते पाहिलं आणि झालं. पंढरीनाथच्या अंगात ती जुनी ऊब चढत गेली, पायांतून, खडखडाटाबरोबर. त्यानं सांगितलं, टाकीवर एक घार होती, अँटेनावरच घरटं केलेलं. साधं नाही, मागांच्या खिडक्यांतून पळवलेल्या सुताचं, लाल, निळं, पिवळं, अख्ख्या पैठणीचा काठ व्हावा असं. त्यात दोन पिल्लं. नामा मनानं हळवा. दोन दिवस परांचीवरून पिल्लांकडे बघत होता. त्या दिवशी एक पिल्लू कडेला आलं आणि हा वर धावला. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. “पिल्लाला उचललं त्यानं, आणि घार आली, साहेब! पंख एवढे, या खोलीत मावणार नाहीत. अख्ख्या आवारावर सावली. तिनं नामाला मारलं नाही हो. कॉलर धरली त्याची, आणि अलगद आणून वाळूवर ठेवला. नाहीतर टाकीवरून पडलेला माणूस जिता राहतो होय?” साहेब आता उघड हसत होते, पेन बाजूला ठेवून. काळूरामनं कपाळ पुसायचं थांबवलं होतं. हौसासुद्धा हसत होती. बशीतला चहा हिंदकळत होता, आणि तिचं ते हसू पाहून पंढरीनाथला क्षणभर खरंच वाटलं की घार होती, आपण सूत पाहिलं होतं, आणि या खोलीत कुणाचंच काही मोडलेलं नाही.

“घार मी लिहीत नाही,” साहेब पेन उचलत म्हणाले. “पण तो स्वतःहून चढला, हे नक्की ना?”

“स्वतःहून.”

“तुम्ही खाली होतात. काही म्हणाला नाहीत त्याला?”

इथं थांबलं असतं तरी चाललं असतं. ‘काही नाही’, दोन शब्द, पेन चाललं असतं, कागद बॅगेत गेला असता. कुठूनतरी, बहुधा वरच्या खिडकीतून, तांदूळ निवडणाऱ्या बाईचा आवाज त्याच्या कानाशी पुरे म्हणून गेला. पण समोर ऐकणारा होता. आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत अजून जागा होती.

“म्हणालो नाही कसा? घसा फुटेस्तोवर ओरडलो. उतर म्हटलं, नामा, उतर, तुझ्या पाया पडतो, उतर!”

“मग त्यानं ऐकलं कसं नाही?”

तेवढ्यात खोली त्याच्या मदतीला आली. जमिनीतून, खुर्चीतून, कपातून, दारातून. सगळ्या कामतघरचा आवाज आत शिरला, आणि त्यानं तो दोन्ही हातांनी उचलून त्या दिवसावर ठेवला, जसा कुणी चादरीनं काही झाकावं. ते इतकं सोपं होतं, इतकं नीट बसलं, की त्याचे डोळे भरून आले.

“ऐकणार कसा, साहेब? हे ऐकताय ना तुम्ही? चारी बाजूंनी माग. तुम्ही तासाभरात कावलात. त्या दिवशी तर याच्या दुप्पट, नवा माल सुटला होता. मी हाका मारतोय आणि माझ्या हाका माझ्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत माग त्यांचा चुरा करतायत. त्याला कुणाचं अक्षरसुद्धा ऐकू गेलं नाही.”

साहेबांनी मान हलवली. त्यांना पटलं. काळूराम पुन्हा खाकरला, पण या वेळी निराळा, आणि एकदम खिडकीबाहेर बघू लागला. पेनाचं टोक कागदाला लागलं. उंबऱ्यावर हौसानं बशी खाली ठेवली. ती अजून हसत होती की काय कोण जाणे, चेहऱ्यावर ते हसू राहून गेलं होतं, काढायचं विसरल्यासारखं.

“खोटं,” ती म्हणाली. “तात्या, त्या दिशी सुकरवार व्हता. माग बंद व्हते. मी नाक्यावर मेथी घेत व्हते, तितपत्तुर आला तुमचा आवाज. ‘अजून थोडं, नामा, अजून थोडं डावीकडं.’ मी आयकलं. मेथीवाल्यानं आयकलं. आनि नामानं तर आयकलंच. आयकलं म्हनून तर सरकला.”